कोमट म्हणजे किती?

उत्साहावर विरजण पडायला आपल्याकडे काहीही पुरतं. सहलीच्या सकाळी आलेला पाऊस, पंगत आपल्यापर्यंत येईतो संपलेली जिलबी, सोसायटीच्या सभेत चिटणिसांनी वाचायला घेतलेलं मागचं इतिवृत्त. कुठल्याही ऋतूत पडतं आणि दोन मिनिटांत घट्ट लागतं. माझा उत्साह तर मुळातच सायीचा, त्याच्या वड्या पडतात. पण तेच विरजण दुधात पडलं की त्याला नखरे सुचतात, ही गोष्ट मला वयाच्या ६२व्या वर्षी कळली.

झालं असं, की जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी ही दोन महिने बंगळुरूला निघाली. निघण्यापूर्वी तिने मला घराचा चार्ज दिला. सिलिंडरचा नंबर, दूधवाल्याचा हिशेब, तुळशीचं पाणी, सगळं रीतसर झालं. शेवटी फ्रिजमधली एक स्टीलची वाटी तिने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"हे विरजण. माझ्या आईकडचं. लग्नानंतर सांगलीहून डब्यात घालून आणलं होतं. ३५ वर्षांत एकदाही मोडू दिलं नाही."

"मग आता काय करायचं त्याचं?"

"रोज दही लावायचं. दूध कोमट करायचं, अंदाजाने विरजण घालायचं, झाकून ठेवायचं. बास."

मी बँकेत ३४ वर्षं काढली. आमच्याकडे हरवलेल्या पासबुकाच्या जागी नवं द्यायचं तरी सात पानांचं परिपत्रक असे. इथे तीन वाक्यांत कारभार, आणि त्यातल्या 'कोमट' आणि 'अंदाजाने' या दोन मुख्य शब्दांची व्याख्याच नाही. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी 'स्पष्टीकरण मागवावे' असा शेरा मारून परत पाठवला असता. पण टॅक्सी खाली उभी होती.

पहिल्याच रात्री दूध तापवलं. उकळी थांबली. उकळत नाही ते कोमट, असा मी सरळ अर्थ लावला. विरजण अंदाजाने घालायचं होतं आणि माझा अंदाज पडला की मुद्दल जितकं मोठं तितकं व्याज जास्त. म्हणून वाटी पूर्ण उपडी केली. सकाळी पातेल्यात वर पिवळट पाणी, खाली चोथा आणि मधोमध माझं प्रतिबिंब होतं. सांगलीचं ३५ वर्षांचं घराणं मी एका रात्रीत वाफवून मारलं होतं.

दुपारी फोन केला. सहज विचारतोय असा आवाज काढला.

"कोमट म्हणजे नक्की किती ग?"

"करंगळी बुडवून बघायची. कळलं पाहिजे, पण सोसलं पाहिजे."

"करंगळीच का?"

"बाकीची बोटं कामात असतात. विरजण नीट आहे ना?"

"एकदम." कुठे आहे, असं तिने विचारलं नाही आणि विचारलेल्यापेक्षा जास्त सांगायचं नाही, हे मी ऑडिटरांच्या सहवासात शिकलो होतो.

मग वाटी घेऊन समोरच्या लेलेवहिनींचं दार वाजवलं. रिकामी वाटी बघूनच त्यांचा चेहरा गंभीर झाला. "गेलं का?" त्यांनी हळूच विचारलं. घरातलं कोणी गेल्यावर लोक ज्या आवाजात विचारतात, त्याच आवाजात. मी मान खाली घातली. वहिनींनी वाटीत दोन चमचे दही घातलं आणि म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. हे तुमच्याकडचंच आहे. गणपतीत आमचं मोडलं, तेव्हा ताईंनी दिलं होतं." मूळ दस्तऐवज जळाला तरी सत्यप्रत शेजारच्या शाखेत शाबूत होती. मी इतका भारावलो की वहिनींना व्हाउचर करून देणार होतो.

या वेळी मी सावध होतो. दूध पार गार होऊ दिलं, विरजण घातलं, ओट्यावर झाकून ठेवलं. पुण्याची जानेवारीतली रात्र. सकाळी झाकण काढलं तर काल ठेवलं तसंच दूध. त्यात विरजणाची एक गुठळी, ओळखीचं कोणी न भेटलेल्या पाहुण्यासारखी, कडेला बसून.

रविवारी पुतण्या आला. चिन्मय मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतो. होस्टेलवर राहत असल्यामुळे त्याचं ज्ञान पोह्यांच्या बदल्यात मिळतं. पहिली बशी संपवून तो म्हणाला, "काका, तुम्ही दही लावताय असं तुम्हाला वाटतं. तुम्ही खरं तर बॅक्टेरिया पाळताय."

"रोग होतात ते?"

"ते नव्हे. हे लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. तुमच्या वाटीत नेमके कोण आहेत ते तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. पण साधारण हीच जोडी, नाहीतर त्यांची भावकी."

सांगलीच्या दह्यात बल्गेरियाची माणसं कशी शिरली, हे मला कळेना. चिन्मयने खुलासा केला, की स्टामेन ग्रिगोरोव नावाच्या एका बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात बसून आपल्या गावच्या दह्यात हा जीवाणू शोधला, म्हणून नाव बल्गेरियाचं. बाकी वस्ती जगभर. हा विद्यार्थी डॉक्टरकी शिकायला परदेशी गेला होता आणि घरचं दही सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसला. घरच्या दह्याची आठवण अशीही काढता येते. आमची मुलं परदेशातून नुसता व्हिडिओ कॉल करतात.

पुढची गोष्ट ऐकून तर मला त्या जोडीबद्दल आदरच वाटला. दोघे एकमेकांच्या आधाराने वाढतात. एक जण दुधातली प्रथिनं मोडून दुसऱ्याला अमिनो आम्लं पुरवतो, दुसरा पहिल्यासाठी फॉर्मिक आम्ल तयार करतो. एकटे असले तर रडतखडत चालतात, दोघे मिळाले की झपाट्याने. हे सांगलीत रुजणारच. शुद्ध सहकारी चळवळ आहे ही, आणि तीही चेअरमनपदावरून भांडण नसलेली.

"मग माझ्याकडे का वाढत नाहीत?"

चिन्मयने दुसऱ्या बशीकडे हात नेत बोटं मोजली. "त्यांना ऊब हवी, ओल हवी, खायला हवं. आंबटपणा मापात हवा. हवा कोणाला हवी असते, कोणाला चालत नाही. आणि वेळ. यातलं एक जरी बिघडलं तरी ते काम करत नाहीत."

मी यादी लिहून घेतली. वाचून बघितली. जावयाच्या मानपानाची यादी याहून लहान असते, आणि जावई रुसला आहे की नाही हे निदान त्याच्या तोंडावर दिसतं.

"ऊब म्हणजे किती?" मी पेन सरसावून विचारलं.

"४० ते ४५ अंश. ४३ धरा. साठाच्या पुढे गेलात की बहुतेकांचा कारभार आटोपतो. १५च्या आसपास ते जिवंत असतात, पण हलत नाहीत."

पहिल्यांदा कोणीतरी आकडा बोललं होतं! मी थर्मामीटर आणला. घरातला, तापाचा. धुऊन, पुसून दुधात बुडवला. त्याने थोडा वेळ विचार केला, किंचाळला आणि पडद्यावर नुसता 'एच' दाखवला. केमिस्टकडे गेलो.

"पुढचे आकडे असलेला थर्मामीटर आहे का?"

"काका, ४२च्या पुढे कोणाला बघायचंय?"

"दुधाला."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घेतो ना, याची चौकशी केली. माणसाच्या जगण्याची पट्टी ४२ला संपते, म्हणून थर्मामीटरचीही तिथेच संपते. आपला बल्गेरिकस मात्र तिथे जेमतेम स्वेटर काढून ठेवतो. शेवटी भांड्यांच्या दुकानातून लांब दांडीचा थर्मामीटर आणला. दूध ४३वर आणलं. विरजण घातलं. आता ते ४३वरच राहावं, इतकाच प्रश्न उरला, आणि त्या प्रश्नाने मला घरभर फिरवलं.

आमच्या घरात ४३ अंश कुठे आहेत, याचा मी त्या आठवड्यात पंचनामा केला. फ्रिजच्या मागे उबदार होतं, पण तिथे पातेलं जाईना. सेट टॉप बॉक्स गरम होता, पण त्याच्यावर गणपती होता. देवघरात निरांजनाशेजारी ठेवलं तर एक बाजू लागली, दुसरी बाजू दूधच राहिली. एकाच पातेल्यात उजवे आणि डावे. हिच्या शालीत गुंडाळून, वर नातवासाठी आणलेली माकडटोपी चढवून, अंथरुणात शेजारी घेऊन झोपलो. पहाटे केर न्यायला आलेल्या बाईंनी उघड्या दारातून ते दृश्य पाहिलं. "बाळ कधी आलं?" असं त्यांनी खालच्या मजल्यावर विचारल्याचं मागाहून कळलं. मग वायफायच्या डबीवर ठेवलं. तिथे ऊब बेताची होती, जागा सपाट होती. पण रात्री मांजर आलं असावं, किंवा मी. सकाळी डबीच्या जाळीतून दही ठिबकत होतं. कंपनीचा तंत्रज्ञ आला, त्याने वास घेतला आणि वहीत काय लिहावं या विचारात पडला. आमचं इंटरनेट आंबलं होतं.

चिन्मय म्हणाला, "काका, पोळ्यांचा डबा आहे ना? त्यात ठेवा." प्रत्येक घरात असतो तो, जाड भिंतीचा, ऊब धरून ठेवणारा. ३५ वर्षं त्यातून काढून पोळ्या खाल्ल्या, पण तो कशासाठी आहे हे मला आज कळत होतं.

डब्यात ठेवलं. तरी दही लागेना. कारण तोपर्यंत मीच एक हवामान झालो होतो. दर २० मिनिटांनी झाकण काढायचं, पातेलं तिरकं करायचं, दूध हललं की "नाही अजून" म्हणायचं, चमच्याने कडेला टोचून बघायचं आणि परत झाकायचं. मुदत ठेव केल्यावर रोज शाखेत येऊन "वाढले का हो?" विचारणारे ज्येष्ठ नागरिक मी पाहिले होते. काउंटरच्या आतून मी त्यांना हसलो होतो.

"हलवू नका त्याला!" चिन्मय कळवळला. दुधातला आंबटपणा वाढत वाढत एका पातळीला पोचला की केसीन नावाच्या प्रथिनाची जाळी बांधली जाते, तेच दही लागणं. बांधकाम चालू असताना कोणी दर २० मिनिटांनी इमारत हलवली तर स्लॅब टिकेल का? आणि मग त्याने मला हाफकिनची गोष्ट सांगितली.

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन नावाचा ओदेसाचा शास्त्रज्ञ लस करायला तिथे पोचला. ग्रँट मेडिकल कॉलेजात जी काही जागा मिळाली तिथे त्याने प्लेगचे जीवाणू वाढवायला घेतले. मांसाच्या रश्शात, आणि त्या रश्शावर तुपाचे थेंब सोडून! तुपाचे थेंब वर तरंगत आणि त्यांच्या खालच्या बाजूने जीवाणूंच्या वाढीचे झुबके गुहेतल्या लवणस्तंभांसारखे खाली लोंबत. पण एका अटीवर. चंबूला धक्का लागता कामा नये. जरा हलवलं की सगळे झुबके तुटून तळाशी. मग तो मुद्दाम हलवून ते पाडायचा आणि नवे वाढायची वाट बघायचा. त्या जीवाणूंना ऊबही माणसाच्या अंगापेक्षा कमी, २८-३० अंशांची मानवायची. १० जानेवारी १८९७ला त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.

या गोष्टीतून मी योग्य तो बोध घेतला. त्या रात्री दुधावर चमचाभर तूप सोडलं.

सकाळी दही लागलेलं नव्हतं, पण दुधावर थिजलेल्या तुपाची अशी झाकणी बसली होती की ती चमच्याने फोडावी लागली. चिन्मयला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "काका, गोष्टीतलं धीर धरणं घ्यायचं होतं. तूप नव्हे."

मला खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा येत होता. ज्यांची मनधरणी करतोय ते येत नव्हते, आणि ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं ते माझ्या स्वयंपाकघरात पाट मांडून जेवत होते. सोमवारी केलेली आमटी ओट्यावर विसरलो, मंगळवारी तिने झाकण उचलून मला हाक मारली. बॅगेत राहिलेल्या डब्यातल्या भाजीला केस आले. ती बुरशी, जीवाणू नव्हे, असं चिन्मयने सांगितलं. जणू घरात चोर नसून दरोडेखोर शिरलाय हे ऐकून मला बरं वाटणार होतं. भांडी घासायचा स्पंज ही तर त्यांची सहकारी गृहरचना संस्थाच. ओल, उष्टं आणि ऊब एकाच छताखाली. यांच्यासाठी मी थर्मामीटर आणला नव्हता, शाल गुंडाळली नव्हती.

"हे कसे इतके वाढतात?"

"बऱ्याच जणांना साधी खोलीतली ऊब चालते. आणि सगळं मनासारखं मिळालं तर काही जीवाणू २० मिनिटांत एकाचे दोन होतात."

मी बँकेचा माणूस. कॅल्क्युलेटर उघडला. २० मिनिटांत दामदुप्पट! रात्री ११ला झोपताना एक जीवाणू ठेवला आणि सकाळी ६ला उठलो, तर २० लाख ९७ हजार १५२. कोणताही पतसंस्थेचा चेअरमन हा दर जाहीर करून दुसऱ्या दिवशी पळून गेला असता. अर्थात इथेही अट तीच असते. अन्न संपलं, घाण साचली की व्याज बंद, आणि ठेवीदार आपापसात मरतात.

मग फ्रिज कशाला? मला वाटे, फ्रिजमध्ये ठेवलं की जीवाणू मरतात. छे. चार-पाच अंशांत ते मरत नाहीत, बहुतेक जण काम मंद करतात. आमच्या शाखेत ३१ मार्च उलटला की दिसायचं तेच दृश्य. माणसं सगळी हजर, पण फाइल हलत नाही. बाहेर काढलं की पुन्हा जोमात. आणि काही बहाद्दर थंडीतही ओव्हरटाइम करतात, म्हणून 'फ्रिजमध्ये होतं की!' हा बचाव त्यांच्यापुढे चालत नाही.

त्या काळात हिच्या फडताळाकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. इतकी वर्षं मला ते खाण्याचं कपाट वाटत होतं. ती तटबंदी होती. लोणच्यात मीठ इतकं, की ते जीवाणूंच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. मुरांब्यात तेच काम साखर करते. पापड-सांडग्यांत पाणीच ठेवलेलं नाही, म्हणजे कायमचा दुष्काळ. लोणच्यावर बोटभर तेल, हवा बंद. चिंच, कोकम, लिंबू, म्हणजे आंबट पाण्याचे खंदक. एकाही बरणीवर शास्त्राचं नाव नव्हतं. फक्त हिचा एक नियम होता, 'ओला चमचा लोणच्यात घालायचा नाही', आणि तो मोडल्याबद्दल मला ३५ वर्षं ऐकून घ्यावं लागलं होतं. मला वाटायचं ही शिस्तीसाठी ओरडते. ती दुष्काळी भागात पाणी सोडल्याबद्दल ओरडत होती.

वर हवेबद्दलही जीवाणूंची मतं असतात. आमच्या बाथरूममधला टॉवेल थंडीत दोन दिवस वाळेना आणि त्याला तो वास सुटला, पावसाळ्यात प्रत्येक मराठी घरात असतो तो. त्याच्या मागेही एक जीवाणू असतो, मोरॅक्झेला ओस्लोएन्सिस. नाव ओस्लोचं, कर्तृत्व आमच्या दांडीवरचं. आणि गंमत म्हणजे, पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो, तोही मोठ्या अंशी जीवाणूंचाच, स्ट्रेप्टोमायसिस मंडळींनी बनवलेल्या जिओस्मिनचा. एकावर दिवाळी अंकात कविता येतात आणि दुसऱ्यावरून घरात भांडणं होतात. खातं दोघांचं एकच.

"पण इतके नाजूक कसे रे हे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"नाजूक?" चिन्मय हसला. अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत ७० अंशांच्या पाण्यात थर्मस अ‍ॅक्वाटिकस नावाचा जीवाणू सुखाने राहतो, १९६९मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि त्याच्याकडून मिळालेल्या विकरामुळे पीसीआर चाचणी सोपी झाली. कोरोनात आपल्या नाकात काडी घातली त्यामागे हाही होता. आपल्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर घ्या. सोड्यासारखं अल्कधर्मी, वर खारट पाणी. २०२०च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झालं. पाणी आटून मीठ वाढलं, तेव्हा मीठ आवडणारे आर्किया फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. आर्किया म्हणजे जीवाणू नव्हेत, त्यांचे लांबचे चुलत. आपण ज्यात लोणचं टिकवतो त्यात ही मंडळी बारसं करतात.

म्हणजे नाजूक कोणीच नाही. प्रत्येकाला आपलं आपलं लागतं. ७० अंशांतल्याला माझ्या पोळ्यांच्या डब्यात हुडहुडी भरेल, आणि माझ्या बल्गेरिकसला लोणारला नेलं तर पहिल्या मिनिटाला परतीची गाडी विचारेल. मी हे हिला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "यात नवीन काय? तुम्हाला नाही का, पंखा तीनवरच लागतो, चहा सव्वासहालाच लागतो, उशी भिंतीकडेच लागते. लेकीकडे चार दिवस राहिलात तर पोट साफ होत नाही म्हणून पळून आलात." उत्साहावर विरजण पडलं. लगेच लागलं.

शेवटी ३१व्या प्रयत्नाला दुधालाही ते लागलं. ४३ अंशांचं दूध, चमचाभर विरजण, पोळ्यांचा डबा आणि मुख्य म्हणजे मी घराबाहेर. स्वतःवर विश्वास नसल्यामुळे किल्ली लेलेवहिनींकडे देऊन मी पाच तास सारसबागेत बसलो. परत आलो तर कवडीसारखं दही. मी पातेलं तिरकं केलं, दही हललं नाही. उलटं करून बघायचा मोह मी नंतर आवरला, आधी नाही.

पण यशाने माणूस शेफारतो. दुसऱ्या दिवशी मी ते आठ तास ठेवलं, म्हणजे जास्त चांगलं होईल. ते इतकं आंबट झालं की डोळे मिटले. बाहेर काढायला विसरलं तर हे जीवाणू आंबवत राहतात, आणि त्यांनीच केलेलं आम्ल शेवटी इतकं वाढतं की त्यांचं स्वतःचंच वाढणं थांबतं. हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर हेच होतं. पहिली २० मिनिटं गोडीत जातात. मग पेन्शन, मग सरकार, मग सुना. दोन तासांनी कट्ट्यावरचा आंबटपणा असा वाढतो की एकेक जण गुडघ्याचं निमित्त करून उठतो.

या आंबटपणाचा एक भक्तही चिन्मयने सांगितला, एल्या मेचनिकोव्ह. हाफकिनचाच ओदेसातला गुरू, १९०८चा नोबेलवाला. आंबवलेल्या दुधाने माणूस दीर्घायुषी होतो, अशी त्याची खात्री होती आणि तो ते रोज प्यायचा. तो ७१व्या वर्षी गेला. हे कळल्यापासून मी दही खातो ते चवीसाठी. आयुष्याचं काय ते पेन्शन विभाग बघेल.

मार्च उजाडला. उन्हाने घरातच ऊब आली, डबा लागेना, दही चार तासांत लागू लागलं. माझी वही भरत आली होती. तारीख, दुधाचं तापमान, विरजणाचं वजन, वेळ, शेरा. नातू बघून, चार बॅगा घेऊन हीही परत आली. पहिल्याच जेवणात तिने दह्याची वाटी बोटाने चाखली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "छान लागलंय. आईच्या हातचं वाटतं." मी मान तुकवली. त्या क्षणी मला माझ्या निवृत्तीच्या समारंभापेक्षा जास्त कृतार्थ वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात लेलेवहिनी आणि त्यांची नवी सून, हातात रिकामी वाटी. वहिनी आठवडाभर कोकणात गेल्या होत्या, त्यांचं विरजण मोडलं होतं. मी वाटी घेतली, दोन चमचे दही घातलं, शाखाप्रमुखाने कर्ज मंजूर करावं तसं.

सुनेने विचारलं, "काका, लावायचं कसं? विरजण किती घालायचं?"

माझ्याकडे ४५ दिवसांची वही होती. ४३ अंश होते, ग्रॅम होते, मिनिटं होती. मी घसा साफ केला आणि तोंडातून शब्द आला, "अंदाजाने."

"आणि दूध?"

"कोमट."

"कोमट म्हणजे किती?"

मी करंगळी वर केली. तिने आदराने पाहिलं. एवढ्यावर थांबलो असतो, वहिनी थांबल्या असत्या, तर लेख इथे संपला असता. पण वहिनी मनापासून हसल्या आणि माझ्या मागे पदराला हात पुसत उभ्या राहिलेल्या हिला म्हणाल्या, "बघा ताई, कसं फिरून येतं! जानेवारीत यांनी तुमच्या आईंचं विरजण उकळून मारलं तेव्हा मीच दिलं होतं, आणि आज मलाच परत मिळालं!"

मी मागे वळलो. ही माझ्याकडे बघत होती. त्या नजरेचं तापमान घ्यायला थर्मामीटर हाताशी नव्हता. पण इतक्या दिवसांच्या अनुभवाने सांगतो, अंदाजाने साठाच्या पुढे असावं.